अफेक्ट की इफेक्ट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर लोकांचे रिपोर्ट, मेल आणि भाषांतरं तपासणं हे माझं काम, आणि माझं लाल पेन सगळ्यात जास्त वेळा कुठल्या शब्दांवर फिरत असेल तर ते या जोडीवर. प्रश्न पण तेच तेच येतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून टाकते. देवनागरीत स्पेलिंग दिसत नाही त्यामुळे आधीच सांगते, ए ने सुरू होतो तो अफेक्ट आणि ई ने सुरू होतो तो इफेक्ट, पुढची अक्षरं दोन्हीत सेम, डबल एफ, ई, सी, टी. म्हणजे सगळं भांडण पहिल्या एका अक्षराचं आहे.

थोडक्यात फरक सांगा ना, बाकी नंतर वाचतो.

अफेक्ट म्हणजे परिणाम करणे, हे क्रियापद. इफेक्ट म्हणजे झालेला परिणाम, हे नाम. 'स्ट्रेस अफेक्ट्स स्लीप' म्हणजे ताणामुळे झोपेवर परिणाम होतो. 'द इफेक्ट ऑफ स्ट्रेस ऑन स्लीप' म्हणजे ताणाचा झोपेवर होणारा परिणाम. रोजच्या लिखाणात बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. अपवाद दोन आहेत, एक ई-वाल्याचा आणि एक ए-वाल्याचा, ते खाली येतीलच.

एवढं सोपं आहे तर मग दर वेळी चुकतं का?

कारण आपल्याकडे दोन्हीला शब्द एकच, परिणाम. मराठीत आपण परिणाम या नामाला करणे नाहीतर होणे जोडतो आणि क्रियापदाचं काम भागवून नेतो, म्हणजे डोक्यात आधी येतो तो परिणाम, त्याचं इंग्रजी म्हणून हात आपोआप इफेक्ट टाइप करतो, आणि मग त्या होणेचं काय करायचं ते कळत नाही कारण अफेक्टमध्ये ते होणे शब्दाच्या पोटातच असतं, वेगळं लिहावं लागत नाही. शाळेत नाम आणि क्रियापद सगळ्यांनीच घोकलेलं असतं, पण घाईत मेल लिहिताना कोण थांबून विचार करतं की आता मला नाम हवंय का क्रियापद. मला तरी आजपर्यंत असा माणूस भेटला नाही.

आणि हे फक्त आपलंच होतं असं समजू नका, ज्यांची मातृभाषा इंग्रजी तेही यात नियमित आपटतात. फक्त त्यांचं दुखणं कानाचं आहे, त्यांना दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात, आणि आपलं दुखणं या परिणाम शब्दाचं. म्हणून त्यांच्यासाठी बनवलेल्या युक्त्या आपल्याला तितक्याशा लागू पडत नाहीत असं माझं मत आहे.

मग आपल्यासाठी लक्षात ठेवायची युक्ती कोणती?

परिणाम हा शब्द डोक्यातून काढून टाका, एवढंच. त्याच्या जागी मराठीतलेच दुसरे शब्द घालून बघा.

वाक्यात बाधित किंवा ग्रस्त बसत असेल तर तो ए-वाला अफेक्टेड. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, विषाणूबाधित, हे सगळे अफेक्टेड. 'फ्लड अफेक्टेड एरिया' म्हणजे पूरग्रस्त भाग. कित्येक नोटिसांमध्ये हे ई ने लिहिलेलं असतं आणि ते साफ चूक आहे. बाधणे, भोवणे, झळ पोचणे, फरक पडणे ही सगळी आपली क्रियापदं आहेत, यातलं कुठलंही वाक्यात चपखल बसलं की डोळे झाकून ए लिहा. 'द स्ट्राइक अफेक्टेड थाउजंड्स ऑफ पॅसेंजर्स', संपाची हजारो प्रवाशांना झळ पोचली. बरोब्बर बसतंय.

आणि जिथे दुष्परिणाम, परिणामकारक, परिणामस्वरूप असं काहीतरी सुचतंय तिथे ई. औषधाचे दुष्परिणाम म्हणजे साइड इफेक्ट्स, परिणामकारक म्हणजे इफेक्टिव्ह.

एक खबरदारी मात्र घ्या, बाधणे हे फक्त वाईट गोष्टींना चालतं आणि अफेक्ट तसा नाही, तो वाईट आणि चांगलं दोन्हीला चालतो, जरी बोलण्यात त्याचा कल वाईटाकडे जास्त असला तरी. 'हर स्पीच डीपली अफेक्टेड मी' याचा अर्थ तिच्या भाषणाने मला काही बाधा झाली असा नाही, मन हेलावलं असा आहे. अशा वेळी फरक पडणे घालून बघायचं, ते दोन्हीकडे चालतं.

इंग्रजीतून तपासायचं असेल तर शब्दाच्या आधी 'द' किंवा 'अ‍ॅन' बसतो का ते बघा. बसला तर नाम, म्हणजे ई. 'अ‍ॅन इफेक्ट', 'द इफेक्ट', 'एनी इफेक्ट', 'नो इफेक्ट'. इंग्रजी भाषिक लोक रेव्हन म्हणजे डोमकावळा हा शब्द लक्षात ठेवतात, त्याची पाच अक्षरं म्हणजे रिमेम्बर, अफेक्ट, व्हर्ब, इफेक्ट, नाउन. छान आहे, पण मला दर वेळी कावळा आठवतो आणि पुढचं विसरायला होतं.

'अफेक्ट ऑन' बरोबर आहे का?

क्रियापद म्हणून नाही, आणि आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच आहे, ए-ई च्या गोंधळापेक्षाही मोठी. 'धिस विल अफेक्ट ऑन अवर वर्क' असं वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी बघते. हे ऑन येतं कुठून तर आपल्या 'वर' मधून, कामावर परिणाम, झोपेवर परिणाम, तब्येतीवर परिणाम, तो वर सुटता सुटत नाही. पण अफेक्टला कर्म थेट लागतं, मध्ये काही नको, 'धिस विल अफेक्ट अवर वर्क', संपलं. ऑन हवाच असेल तर इफेक्ट घ्या आणि त्याला हॅव द्या, 'धिस विल हॅव अ‍ॅन इफेक्ट ऑन अवर वर्क'.

यातून एक फुकटची खूण मिळते. तुमच्या वाक्यात त्या शब्दाला लागूनच ऑन आलाय आणि तो काढला तर वाक्य लंगडं पडतंय, तर तो शब्द ई-वाला असायला हवा. ऑन काढल्यावर वाक्य उलट सुधारलं तर ए-वाला.

उच्चारात फरक आहे ना? मग ऐकून कळायला पाहिजे.

कागदावर आहे. अफेक्टची सुरुवात 'अ' आणि इफेक्टची 'इ', जोर दोन्हीत दुसऱ्या भागावर, फेक्ट वर. जोर तिथे गेला की पहिला स्वर दबतो आणि पटकन बोलताना दोन्हीकडे नुसता एक अर्धवट 'अ' उरतो, अमेरिकन बोलण्यात तर जास्तच. काही लोक मुद्दाम 'ईफेक्ट' असं लांबवून म्हणतात, समोरच्याला कळावं म्हणून. डिक्टेशन घेत असाल तर कानावर विसंबू नका, वाक्यावरून ठरवा.

हे दोन शब्द आले कुठून? इतके सारखे का आहेत?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, ज्यांना घाई आहे त्यांनी सोडला तरी चालेल.

दोन्ही लॅटिनमधले, आणि दोन्हीच्या मुळाशी एकच धातू, फाकेरे, म्हणजे करणे. याच धातूतून फॅक्ट आला, फॅक्टरी आला, डिफेक्ट, इन्फेक्ट, परफेक्ट हे सगळे त्याच घरातले. फरक आहे तो फक्त उपसर्गाचा. अफेक्टला लागलाय 'अड', म्हणजे कडे, च्या दिशेने. इफेक्टला लागलाय 'एक्स', म्हणजे बाहेर, एक्झिटमध्ये आहे तोच.

मग अड चा ड आणि एक्स चा क्स गेला कुठे? तर आपण शाळेत शिकलो तीच संधी. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, सत् अधिक जन म्हणजे सज्जन, त् पुढच्या अक्षराचं रूप घेतो आणि अक्षर डबल होतं. लॅटिनमध्ये पण अगदी हेच झालं, पुढे एफ आला म्हणून ड चा एफ झाला, क्स चाही एफ झाला, आणि दोन्ही शब्दांत डबल एफ आला. कित्येक जण एकच एफ लिहितात, त्यांनी सज्जन आठवावा.

आता अर्थ बघा. कशाच्या तरी दिशेने जाऊन त्याला काहीतरी करणं, हा अफेक्ट. काहीतरी करून त्यातून जे बाहेर निघालं तो इफेक्ट. आणि मराठीत यासाठी हुबेहूब तसाच बनलेला शब्द आहे, निष्पत्ती. त्यातला निस् म्हणजेच बाहेर. शिक्षक मंडळी अध्ययन निष्पत्ती म्हणतात ना, शिकवून झाल्यावर मुलाकडून काय बाहेर आलं ते, तोच विचार. त्यामुळे ज्यांना उपसर्ग लक्षात राहतो त्यांच्यासाठी एक्झिटचा ई आणि इफेक्टचा ई एकच, बाहेर पडलेली गोष्ट.

इफेक्ट क्रियापद म्हणून वापरतात असं ऐकलंय, खरंय का?

खरंय, आणि हाच तो पहिला अपवाद. टू इफेक्ट म्हणजे घडवून आणणे, अंमलात आणणे. 'टू इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे. 'टू अफेक्ट अ चेंज' म्हणजे जो बदल आधीच चाललाय त्याच्यावर काहीतरी परिणाम करणे. दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आहेत आणि अर्थ पार वेगळे, म्हणून ही चूक धोक्याची, कोणाला दिसतच नाही.

माझीच गोष्ट सांगते. नोकरीला लागून थोडेच महिने झाले होते, एका प्रॉडक्टचं काम रखडलं होतं आणि मी टीमला मेल टाकला, 'द डिले विल इफेक्ट द लाँच', ई ने. मला म्हणायचं होतं की उशिराचा लाँचवर परिणाम होईल. आमच्या एका सीनियरचं पाच मिनिटांत उत्तर आलं, सगळ्यांना सीसी करून, की अरे वा, म्हणजे हा उशीरच आपलं लाँच घडवून आणणार, मग अजून थोडा उशीर करूया. चेष्टाच होती, पण माझे कान असे गरम झाले की तेव्हापासून हे क्रियापद मी विसरले नाही. तुम्हीही या वाक्याने लक्षात ठेवा, चांगलं काम देतं.

हा वापर जुना आणि भारदस्त आहे. 1776 च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'टू इफेक्ट देअर सेफ्टी अँड हॅपिनेस' असे शब्द आहेत, ई-वाले, आणि अर्थ सुरक्षितता आणि सुख घडवून आणणे असा. आज हा शब्द मुख्यतः कायद्याच्या, बँकेच्या आणि सरकारी भाषेत उरलाय. 'पेमेंट हॅज बीन इफेक्टेड' म्हणजे पेमेंट झालंय. तिथे ए लिहिलात तर वाचणाऱ्याला वाटेल पेमेंटमध्ये काहीतरी अडचण आली, आणि पैशाच्या पत्रात असा घोळ कोणाला नको असतो.

माझा सल्ला विचाराल तर साध्या मेलमध्ये हे क्रियापद वापरूच नका. 'ब्रिंग अबाउट' लिहा, 'मेक' लिहा, 'कॅरी आउट' लिहा. पण दुसऱ्याने वापरलेलं दिसलं तर चूक समजून ए करू नका, आधी घडवून आणणे हा अर्थ बसतो का ते बघा.

आणि अफेक्ट नाम म्हणून? तो दुसरा अपवाद कोणता?

तो मानसशास्त्रातला. तिथे अफेक्ट हे नाम आहे आणि त्याचा उच्चारही बदलतो, जोर पहिल्या भागावर येतो आणि अ चा अ‍ॅ होतो, अ‍ॅफेक्ट. अर्थ साधारण असा की माणसाच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून, हावभावांवरून बाहेर दिसणारी भावना. मूड आणि अ‍ॅफेक्टमधला फरक समजावताना हवामान आणि आजची हवा यांची उपमा देतात, मूड म्हणजे बराच काळ टिकणारं हवामान आणि अ‍ॅफेक्ट म्हणजे या क्षणी काय दिसतंय ते.

डॉक्टरांच्या नोट्समध्ये 'फ्लॅट अ‍ॅफेक्ट' असं लिहिलेलं असतं, म्हणजे चेहऱ्यावर भावना जवळजवळ दिसतच नाहीत, आवाज एकसुरी. माझ्याकडे तपासायला आलेल्या एका भाषांतरात याचं मराठी 'सपाट परिणाम' असं केलेलं होतं. भाषांतर करणाऱ्या मुलाला वाटलं मूळ कागदात स्पेलिंग चुकलंय, इफेक्ट असणार, त्याने मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि पुढे गेला. त्याचा तरी काय दोष, नाम म्हटलं की ई हेच सगळीकडे शिकवलेलं असतं. 'भावशून्य चेहरा' किंवा 'भावनांचा अभाव' असं काहीतरी हवं होतं तिथे.

याच कुळातला शब्द म्हणजे अफेक्टिव्ह, भावनांशी संबंधित. हिवाळ्यात ऊन कमी झालं की काही लोकांना येणाऱ्या उदासीच्या आजाराचं 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' असं नाव आहे, 1984 मध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. आद्याक्षरं एकत्र वाचली की सॅड असा शब्द होतो. हे जर ई ने इफेक्टिव्ह लिहिलं तर तो ऋतुमानाप्रमाणे चांगलं काम करणारा आजार होईल.

तुम्ही मानसशास्त्र, मानसोपचार किंवा नर्सिंग यातले नसाल तर या नामाशी तुमचा फारसा संबंध येणार नाही.

'अफेक्टेड' म्हणजे नाटकी असाही अर्थ असतो का?

असतो. 'अफेक्टेड अ‍ॅक्सेंट' म्हणजे आणलेला, ओढूनताणून केलेला उच्चार. त्यावरून अफेक्टेशन म्हणजे कृत्रिमपणा, नखरे. डिक्शनरीत हा वेगळा शब्द म्हणून दिलेला दिसेल, कारण तो लॅटिनमधल्या जवळच्याच पण वेगळ्या क्रियापदावरून आला, ज्याचा अर्थ एखादी गोष्ट मिळवायला झटणे. स्पेलिंग ए नेच.

अफेक्शन म्हणजे प्रेम, त्याचा याच्याशी संबंध आहे?

आहे, मूळ तेच. मनाला काहीतरी झालं, मन हललं, ती भावना, आणि मग अर्थ हळूहळू मायेपर्यंत सरकला. गंमत म्हणजे जुन्या वैद्यकीय पुस्तकांत अफेक्शनचा अर्थ आजार असा पण असतो, 'अ‍ॅन अफेक्शन ऑफ द लंग्ज' म्हणजे फुप्फुसांचा विकार. माया आणि विकार एकाच शब्दात, यावर ज्याने त्याने आपापला विनोद करावा.

डॉप्लर इफेक्ट, बटरफ्लाय इफेक्ट, यात कधी ए येतो का?

नाही. नावाच्या शेवटी आलेला इफेक्ट हा परिणाम असतो आणि तो कायम ई ने. क्रिस्तियान डॉप्लर यांनी 1842 मध्ये मांडला तो डॉप्लर इफेक्ट, सायरन वाजवत येणारी गाडी जवळून पुढे गेली की आवाज एकदम खाली उतरतो तो. 1928 मध्ये शोध लागला तो रामन इफेक्ट, त्याबद्दल 1930 चं नोबेल. एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1972 च्या व्याख्यानात ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांनी टेक्सासमध्ये वादळ येईल का असा प्रश्न शीर्षकातच विचारला होता, बटरफ्लाय इफेक्टची प्रसिद्धी तिथून. ग्रीनहाउस, प्लसीबो, डॉमिनो, हॅलो, सगळे ई.

सिनेमावाल्यांना तर चुकायचं कारणच नाही. व्हीएफएक्स मधलं एफएक्स म्हणजे इफेक्ट्सच, एफ आणि एक्स ही दोन अक्षरं भरभर म्हणा, एफेक्स, कानाला इफेक्ट्सच ऐकू येतं. एफ हे अक्षर आपण 'ए' च्या आवाजाने सुरू करतो आणि तो आवाज ई या अक्षराचा, हे ज्यांना रुचेल त्यांनी लक्षात ठेवावं, ज्यांचा याने उलट गोंधळ वाढेल त्यांनी हे वाक्य वाचलंच नाही असं समजावं.

मी प्रोग्रामिंग करतो, तिथे साइड इफेक्ट म्हणजे काय?

शब्द तोच, ई-वाला. फंक्शनने उत्तर परत देण्याशिवाय बाहेर कुठे काही बदललं, फाइल लिहिली, स्क्रीनवर काही दाखवलं, डेटाबेसमध्ये नोंद केली, तर तो साइड इफेक्ट. औषधासारखं वाईटच असेल असं नाही, बऱ्याचदा तेच तर हवं असतं. रिअ‍ॅक्ट वापरणाऱ्यांना यूजइफेक्ट माहीत असेल, 2019 च्या फेब्रुवारीत 16.8 आवृत्तीबरोबर आलेलं हुक, ते याच अर्थाचं. तिथे ए टाइप केलात तर निदान कोड चालणार नाही आणि चूक लगेच कळेल, मेलमध्ये ती सोय नाही.

'विथ इफेक्ट फ्रॉम', 'इन इफेक्ट', 'टू धिस इफेक्ट' यांचं काय?

हे सगळे ठरलेले वाक्प्रचार, सगळ्यात ई. 'विथ इफेक्ट फ्रॉम' म्हणजे अमुक तारखेपासून लागू, ऑफिस ऑर्डरमध्ये याची नुसती तीन आद्याक्षरं असतात. 'टेक इफेक्ट' आणि 'कम इंटू इफेक्ट' म्हणजे अंमलात येणे, लागू होणे. 'इन इफेक्ट' चे दोन अर्थ, एक म्हणजे सध्या लागू असलेला आणि दुसरा म्हणजे नावाला काहीही असो पण व्यवहारात. 'टू धिस इफेक्ट' म्हणजे या आशयाचं, या अर्थाचं, 'ही सेड समथिंग टू धिस इफेक्ट', तो अशा आशयाचं काहीतरी बोलला. 'फॉर इफेक्ट' म्हणजे समोरच्यावर छाप पडावी म्हणून, बोलता बोलता मुद्दाम थांबतात ना काही वक्ते, ते फॉर इफेक्ट.

'पर्सनल इफेक्ट्स' म्हणजे वैयक्तिक परिणाम का?

नाही हो. वैयक्तिक वस्तू, अंगावरच्या आणि जवळच्या चीजवस्तू. कपडे, घड्याळ, चष्मा, पाकीट. विमा, वारसाहक्क, हॉस्पिटल, पोलीस यांच्या कागदपत्रांत दिसतो. हा अर्थ नेहमी अनेकवचनी.

इफेक्टिव्ह आणि एफिशियंट एकच का?

भाऊबंद आहेत, धातू तोच, पण एक नाहीत. इफेक्टिव्ह म्हणजे ज्याने काम होतं, परिणामकारक. एफिशियंट म्हणजे कमी वेळात, कमी खर्चात, वाया न घालवता काम करणारा, कार्यक्षम. ढेकूण मारायला घर पेटवून दिलं तर उपाय इफेक्टिव्ह आहे, एफिशियंट नाही.

आणि इफेक्टिव्हलीकडे जरा लक्ष द्या. 'द प्रोजेक्ट इज इफेक्टिव्हली डेड' याचं भाषांतर 'प्रकल्प प्रभावीपणे मेला आहे' असं करू नका, प्लीज. जाहीर कोणी केलं नसलं तरी प्रकल्प मेल्यातच जमा आहे, असा त्याचा अर्थ.

स्पेलचेक पकडत नाही का हे?

साधा स्पेलचेक नाही पकडत, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत आणि स्पेलिंग म्हणून दोन्ही बरोबर. तो फक्त एवढंच बघतो की असा शब्द अस्तित्वात आहे का. व्याकरण तपासणारी टूल्स आजूबाजूचं वाक्य बघतात त्यामुळे बरेचदा सुचवतात, पण माझ्या त्या लाँचच्या वाक्यासारखं दोन्हीकडून शुद्ध वाक्य आलं की तुमच्या मनात काय होतं ते त्यांना तरी कसं कळणार. मी काय करते सांगू का, पाठवायच्या आधी फाइंडमध्ये नुसतं 'फेक्ट' एवढा तुकडा टाकते, म्हणजे दोन्ही शब्द सापडतात, मधेच एखादा परफेक्ट येतो तो सोडून द्यायचा, आणि एकेकाला बाधित की परिणाम असं विचारत खाली जायचं. दहा पानांच्या रिपोर्टला दोन मिनिटं लागतात.

इम्पॅक्ट लिहून सुटका करून घेतली तर?

चालतं, बरेच लोक तेच करतात, कारण इम्पॅक्ट नाम आणि क्रियापद दोन्ही आहे आणि स्पेलिंग एकच. पण काही संपादकांना तो क्रियापद म्हणून अजूनही खटकतो, आणि मला विचाराल तर तो फार जोरात आदळणारा शब्द आहे, मूळ अर्थच धडक असा. मीटिंग अर्धा तास पुढे गेली तर त्याने तुमचं शेड्यूल इम्पॅक्ट होत नाही हो, अफेक्ट होतं.

थोडा सराव द्या ना.

घ्या. मराठी वाक्य वाचा, मनात ए की ई ठरवा, मग पुढचं बघा.

आवाजामुळे माझ्या अभ्यासावर परिणाम होतो. मराठीत 'वर' दिसतोय म्हणून फसू नका, 'नॉइज अफेक्ट्स माय स्टडीज', ए आणि ऑन नाही.

गोळीचा काही उपयोग झाला नाही. 'द पिल हॅड नो इफेक्ट', ई. मराठीत परिणाम शब्दच नाही बघा, तरी इंग्रजीत इफेक्ट आला.

नवीन नियम सोमवारपासून लागू. 'द न्यू रूल टेक्स इफेक्ट ऑन मंडे', ई. इथला ऑन वारासाठी आलाय, त्याचा वरच्या ऑनशी काही संबंध नाही.

त्या बातमीचा तिच्यावर फार परिणाम झाला. हे दोन्ही पद्धतीने होतं, 'द न्यूज अफेक्टेड हर डीपली' नाहीतर 'द न्यूज हॅड अ डीप इफेक्ट ऑन हर'. पहिलं मला जास्त आवडतं, तीन शब्द कमी.

नव्या मॅनेजरने बरेच बदल घडवून आणले. 'द न्यू मॅनेजर इफेक्टेड मेनी चेंजेस', ई, आणि इथे तो क्रियापद आहे. हे बरोबर आलं असेल तर तुम्ही बाकी काही वाचलं नसतं तरी चाललं असतं.

मराठी बोलताना 'त्याच्यावर खूप इफेक्ट झाला' म्हटलं तर चुकीचं का?

नाही, मराठी वाक्यात इफेक्ट हे नाम म्हणूनच आलंय आणि झाला हे क्रियापद आपलं, त्यामुळे बरोब्बर बसतं. 'तो खूप अफेक्ट झाला' हेही लोक म्हणतात आणि तेही समजतं. अडचण मराठी बोलताना येतच नाही, तेच वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं की येते.

मेल पाठवून बसलोय आणि चूक आत्ता दिसली. काय करू?

साधा मेल असेल आणि अर्थ कळतोय तर काही करू नका, अर्ध्या लोकांच्या लक्षात येणार नाही आणि उरलेल्यांना स्वतःची खात्री नसेल. करार, पेमेंट किंवा मेडिकल रिपोर्ट असेल तर मात्र लाजू नका, दुरुस्त केलेली प्रत लगेच पाठवा आणि कुठल्या ओळीत काय बदललं ते वर एका वाक्यात लिहा. आणि समोरून कोणी सगळ्यांना सीसी करून चेष्टा केलीच, तर थँक्स म्हणून मोकळे व्हा, मी तेव्हा तेच केलं होतं.